ओगराळ्याची शर्यत

"घ्या, तुमचंच हाय," असं म्हणून हौसाक्कांनी देवळाच्या कट्ट्यावर माझ्यापुढे एक गोळा ठेवला.

गोळा नारळाएवढा होता. धुतलेला, उन्हात वाळवलेला. मला आधी वाटलं, सुंभाचा गुंता असावा. बोटाने एक पदर सोडवला तर आतून पाण्याच्या बाटलीचं निळं लेबल निघालं. मग पेल्याचा काठ, बिस्किटाच्या पुड्याचा कागद आणि शेवटी एक चुरगळलेली पांढरी चिंधी. तिच्यावर आमच्याच शर्यतीचं नाव होतं.

"कुठे सापडलं हे?" डॉ. मृणाल केंजळे म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर. कोणाचं तोंड उघडलं तरी न डगमगणाऱ्या. पण तो गोळा पाहून त्यांचा आवाज खाली आला होता.

"म्हशीच्या पोटात," हौसाक्का म्हणाल्या. "म्हस मेल्यावर जनावरांच्या डाक्टरनं फाडली, तवा निघालं."

देवळासमोर आम्ही तिघं होतो. मी, डॉक्टरीणबाई आणि रणजित भोईटे. बहिरोबाच्या घाटातली यंदाची शर्यत ठरवायला म्हणून तळदेववाडीत आलो होतो. वाडी घाटमाथ्यावर, आणि हौसाक्का गोळे तिथल्या सरपंच. घाट सरकारी असला तरी शर्यत संपते ती वाडीच्या देवळापुढे. सरपंच नाही म्हणाल्या की संपलं.

आमच्या मंडळाचं नाव 'पहाटपावलं'. पहाटे उठायचं, गावाबाहेर जायचं आणि पळायचं, एवढाच आमचा धंदा. डॉक्टरीणबाई मंडळाच्या मुख्य. रणजित आमचा सगळ्यात वेगवान गडी. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला श्वास किती घेतलास तेही सांगायचं. आणि मी सोपान शेलार. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. नोकरीतली बरीच वर्षं याच घाटात गाडी घातली. डॉक्टरीणबाईंनी माझी कवळी बसवली, वर सल्ला दिला की तात्या, आता जरा चाला. मी चालायला गेलो आणि पळायला लागलो.

मला तालुक्यात थापाड्या म्हणतात, हे इथेच सांगून टाकतो. मी घडलेलंच सांगतो, पण लोकांना ते झेपत नाही. आता याच घाटात एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून हात बाहेर काढून मी माझा ओला टॉवेल त्यावर वाळत टाकला आणि परतीच्या फेरीला काढून घेतला. यात खोटं काय आहे? टॉवेल अजून घरी आहे.

तर रणजित पुढे झाला. "अक्का, गेल्या वर्षी आम्ही लेखी दिलं होतं, कचरा करणार नाही म्हणून."

"दिलं हुतं की. म्या फायलीत लावलंय. आन् म्हशीनं ह्ये पोटात लावलं."

"आम्ही दुसऱ्या दिवशी माणसं लावून सगळं वेचलंही होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"रस्त्यावरचं यचलं. वाऱ्यानं खाली गेलेलं कोन यचनार, बाई? म्हशी खाली चरत्यात." हौसाक्कांनी पदर खांद्यावर नीट घेतला. "औंदापास्नं शर्यत बंद. च्या घ्या आन् जावा."

चहा आला. कोणी उचलेना. दुसरा रस्ता म्हणावा तर आमच्याकडे ट्रकांनी सोडलेला एकही नाही. पण माझं दुखणं वेगळंच होतं. तो घाट मी आयुष्यभर बसून चढलो. त्याचं एकेक वळण माझ्या हातांना पाठ होतं, पायांना अख्खा घाट कधी ठाऊक झाला नव्हता. मागच्या वर्षी गुडघ्याने अर्ध्यात बसवलं. वर्षभर तयारी केली होती. यंदा चढणार होतो.

मी म्हणालो, "अक्का, मी शब्द देतो. यंदा घाटात चिटोरं राहणार नाही."

रणजितला ठसका लागला. डॉक्टरीणबाई जमिनीकडे बघायला लागल्या. माझा शब्द म्हणजे काय भावाचा माल आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत.

हौसाक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डायवर, दिला?"

"दिला."

"मग पळा. पर एक कपटा जरी घाटात ऱ्हायला, तर पुन्ना ह्या वाटंनं पळायचं न्हाई. आन् डायवर, तुमी तर चालायचं बी न्हाई."

रणजितला राहवेना. "अक्का, आमच्या लेखीवर तुमचा विश्वास नाही आणि तात्यांच्या तोंडीवर ठेवता? अहो, सगळा तालुका यांना..."

"ठावं हाय मला. टावेलाची गोष्ट म्या गाडीत बसूनच ऐकलीया." हौसाक्का उठल्या. "खरं बोलणारी मानसं गेल्या साली यिऊन गेली. औंदा थापाड्याला बघू."

*

खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बैठक बसली. भिंतीवर किडलेल्या दाताचं मोठं चित्र, त्याखाली आम्ही.

"एकेक गोष्ट काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शर्यतीत प्लास्टिक कुठे कुठे असतं?"

विचारायला सोपं होतं, पण काढायला बसलो तेव्हा कळलं की पळणाऱ्या माणसातून प्लास्टिक वजा केलं तर उरतो तो फक्त घाम. कमानीचा फ्लेक्स प्लास्टिकचा. छातीवरचा नंबर प्लास्टिकचा. फुकट वाटायचा बनियन, तोही त्यातलाच, आणि घरोघरी अशा बनियनांचे ढीग. माझ्याकडे तर त्याने फरशी पुसतात. शिवाय गेल्या वर्षी निसर्गाच्या कुशीत पळायला म्हणून जो तो आपापली गाडी घेऊन आला होता. घाटाच्या तोंडाशी एवढा धूर कोंडला होता की पहिल्या वळणापर्यंत मी तो हाताने बाजूला सारत गेलो.

"नवा बनियन नाही," डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. "ज्याने त्याने आपला जुना घालून यायचं. फ्लेक्सऐवजी धोतराचं पान आणि गेरू. नंबर शिंप्याकडच्या चिंध्यांवर. आणि गाड्या गावात ठेवून सगळ्यांनी एसटीने घाटापर्यंत यायचं."

"एसटीने?" रणजित म्हणाला. "पुण्याची माणसं येतील का?"

"येतील," मी म्हणालो. "एसटीत बसली की उतरून पळावंसं आपोआप वाटतं."

पदकांचं काम डॉक्टरीणबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी लांबून कुठूनतरी बांबूची पदकं मागवली. खोकं आलं ते मोठ्या टीव्हीएवढं. उघडलं तर थर्माकोल. त्याखाली फुगे असलेला कागद. त्याखाली प्रत्येक पदक वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर छापलेलं, 'धरणी वाचवा'. डॉक्टरीणबाई बराच वेळ त्या पिशवीकडे बघत बसल्या. मग खोकं जसंच्या तसं परत बांधलं आणि म्हणाल्या, "पदक नको. वर गेल्यावर पिठलं-भाकरी देऊ."

सगळ्यात अवघड होतं पाणी. बाटल्या बाद. कागदी पेल्यांचं रणजितने सुचवलं तर डॉक्टरीणबाईंनी पेला फाडून आतला चकचकीत मुलामा दाखवला, तोही प्लास्टिकचाच. स्टीलचे पेले म्हणावे तर इतके धुणार कोण, आणि पळत्या माणसाने तो पेला परत कुठे ठेवायचा?

तेव्हा मी दोन्ही हात पुढे केले आणि जोडून ओंजळ धरली.

"हे काय?" रणजित म्हणाला. "प्रार्थना?"

"पेला आहे हा. धुवावा लागत नाही, फेकता येत नाही, विसरून घरी राहत नाही. वळणावर रांजण ठेवायचे. रांजणापाशी लांब दांड्याचं ओगराळं घेऊन बाई उभी. तू ओंजळ धरायची, ती वरून सोडेल. पोटभर प्यायचं आणि सुटायचं. जत्रेत आपण दुसरं काय करतो?"

"थांबावं लागेल तात्या! सेकंद जातात!"

"अरे, माणूस पाणी प्यायलाही थांबणार नसेल तर थांबायचं कधी? चौघं उचलून नेतील तेव्हा?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि ओगराळं मंजूर झालं. हौसाक्कांना निरोप गेला. त्यांचा उलट निरोप आला, 'बाया उभ्या ऱ्हातील. रांजन आमचं, पानी आमचं. तुमी फकस्त ओंजळी घिऊन या.'

मी खूश. साऱ्या योजनेत कुठे फट दिसत नव्हती. फट अशी होती की तळदेववाडीच्या बाया पाणी कसं देतात, ते विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. आणि त्यात नवल नाही, कारण आमच्या घरच्याही तसंच देतात.

*

थंडीचे दिवस होते. सकाळी एसटीतून माणसं उतरली. पुण्याची, साताऱ्याची, कराडची. जुने बनियन घातलेली, छातीवर रंगीबेरंगी चिंध्या. कोणाचा नंबर खणाच्या तुकड्यावर तर कोणाचा पडद्याच्या. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीच्या दोरीपाशी उभं राहून प्रत्येकाचे खिसे रिकामे करून घेतले. गोळ्यांच्या पट्ट्या, चॉकलेटं, पळता पळता चोखायची गोड चिकाची पाकिटं, सगळं एका पोत्यात. रणजितने खिसे उलटे करून दाखवले, वर दोन्ही हात पसरून एक गिरकीही घेतली. त्याचा एक मोजा जरा फुगलेला दिसला, पण मोजे तपासायचं कोणाला सुचलं नाही.

शिट्टी झाली. रणजित बाणासारखा सुटला. मी मालगाडीसारखा निघालो. माझ्यामागे फक्त डॉक्टरीणबाई. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं हे त्यांचं काम.

"तात्या, दम लागला तर सांगा."

"दम लागत नाही हो, मी त्याला पुढे पाठवलाय."

पहिली वळणं छान गेली. वडाच्या वळणावर पहिला रांजण होता. तिथे पोचलो आणि पाहतो तर काय, शर्यत थांबलेली! रांजणापुढे रांग. हौसाक्कांच्या जाऊबाई, सरूबाई, एका हातात ओगराळं आणि दुसऱ्या हातात परात घेऊन उभ्या. परातीत गूळ.

चष्मेवाला पुण्याचा एक तरुण ओंजळ पुढे करून विनवत होता. "मावशी, नुसतं पाणी द्या, नुसतं पाणी."

"नुस्तं पानी?" सरूबाईंनी ओगराळं मागे घेतलं. "पाव्हण्याला नुस्तं पानी पाजाया आमच्या घरात काय सुतक हाय व्हय? आदी गूळ तोंडात टाका."

"मावशी, शर्यत चालू आहे हो!"

"चालू ऱ्हाऊ द्या की. डोंगार कुटं पळून चाललाय? गाव कंचं?"

"पुणे."

"पुन्यात कोन जल्माला येतंय? मूळ गाव कंचं?"

त्याने मूळ गाव सांगितलं, मग आडनाव सांगितलं, आजोळ सांगितलं, तेव्हा कुठे पाणी पडलं. पाठचा पुढे झाला. त्याला मूळ गाव आठवेना, तर मागच्याने आठवून दिलं. माणसं गूळ चघळत गप्पा मारत होती. दोन अनोळखी धावपटू रांगेत मावसभाऊ निघाले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले.

आणि वडाच्या पारावर, डोक्याला हात लावून, आमचा रणजित बसला होता. सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून सगळ्यांच्या आधी सापडला होता. त्याने भोईटे हे आडनाव सांगितलं आणि तिथेच अडकला. सरूबाईंची थोरली नणंद भोईट्यांच्यात दिलेली. आता तो पाहुणा राहिला नव्हता, जावईबापूंच्या भावकीतला झाला होता. त्याच्यासाठी घरी माणूस धाडलं होतं, शेंगदाण्याचे लाडू आणायला. ते येईपर्यंत दोन बाया त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. त्याने सुटायचा प्रयत्न केला की म्हणायच्या, "आसं कोरड्या तोंडानं उठू ने."

मी आलो आणि लाडूही आले. रणजितने दोन लाडू तोंडात कोंबले, हात जोडले आणि उडी मारून रस्त्यावर आला. चेहरा लालबुंद.

"तात्या, ही शर्यत आहे की हळदीकुंकू?"

"लाडू चांगले होते का?"

तोंडातला लाडू गिळत तो सुटला. दहा-पंधरा जण त्याच्या पुढे निघून गेले होते. इतकी वर्षं तो हा घाट जिंकत होता. त्याच्या पायांचा आवाज वरच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

मी गूळ खाल्ला, ओंजळभर पाणी प्यालो. ते पाणी असं गार की कवळी जागची हलली. सरूबाईंनी वर मूठभर गूळ माझ्या खिशात घातला. "डायवर, वयाच्या मानानं चढ जादा हाय. ठिवा."

*

पुढच्या वळणावर मी आणि डॉक्टरीणबाई दोघंच होतो. घाट शांत. सातभाईंच्या कड्यावरून ऊन उतरत होतं. मी मनात म्हणत होतो, सोपान, पाय बोलत नाहीत, गुडघा बोलत नाही, आज चढलास बघ.

तेवढ्यात वरच्या वळणावरून काहीतरी चमकत खाली आलं.

नारिंगी रंगाचं. वाऱ्यावर एक गिरकी घेतली, आमच्या डोक्यावरून गेलं, कठड्याला टेकलं, आणि थोडं थांबून, जणू आम्ही पाहिलंय ना याची खात्री करून, खालच्या कारवीच्या झुडपांत उतरलं.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. वर कोणी दिसलं नाही. पण घाटात तसलं पाकीट चोखत पळणारा आमच्यात कोण, ते दोघांनाही कळलं होतं.

"तात्या," कठड्यावरून खाली बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी येऊन शोधू. मीच येते. आता पुढे चला, तुमचं वर्षभराचं..."

"डॉक्टरीणबाई, उद्या सकाळपर्यंत म्हशी उपास धरणार आहेत का?"

"मग मी उतरते."

"तुम्ही वर जा. मघाशी रांगेत कराडचे दोघं पोटरी चोळत होते, त्यांना बघा. शब्द मी दिलाय."

"आणि गुडघा?"

"त्याला विचारलं. तो म्हणाला, चढणापेक्षा उतरण बरी."

खोटं बोललो होतो. गुडघा भलतंच म्हणत होता. कठडा ओलांडून मी कारवीचे दांडे धरत उतरायला लागलो. थोडा उभ्याने गेलो, बराचसा बसून. जुना बनियन होता म्हणून बरं, जुन्या चड्डीबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही. खाली सपाटी होती, आणि सपाटीवर म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, अंगाने तरणी. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या जबड्यातून नारिंगी रंगाचा एक कोपरा बाहेर आला होता.

"टाक," मी म्हणालो.

तिने एकदा चावलं.

एसटीत असताना मी भल्याभल्या प्रवाशांना खाली उतरवलंय, पण म्हशीच्या तोंडातली वस्तू कशी उतरवायची याचं प्रशिक्षण आम्हाला नव्हतं. मी कोपरा धरून ओढला. तिने मान मागे ओढली. मी पुढे गेलो. मी पाय रोवले, तिने चार रोवले. आंब्याच्या चवीचं होतं ते पाकीट, वासावरून कळत होतं. तिला ते सोडवेना आणि मला ते सोडता येईना. अशा किती वेळा आम्ही एकमेकांना त्या सपाटीवरून फिरवलं ते बहिरोबाला ठाऊक.

मग मला खिशातला गूळ आठवला. एक खडा तिच्या नाकाशी धरला. तिने वास घेतला, विचार केला, आणि जिभेने माझा अख्खा पंजा गुळासकट आत घेतला. पाकीट पडलं. मी ते उचललं, चोळून पाहिलं, कुठे तुकडा गेलाय का ते बघितलं. एक कोपरा फाटला होता. तो तिच्या दाढेत दिसला. डॉक्टरीणबाईंना त्यासाठी किती वर्षं शिकावं लागलं असेल कोणास ठाऊक, मी तो दोन बोटांनी काढला.

आता वर कसं जायचं? वर पाहिलं तर कठडा आभाळाला टेकलेला. म्हैस माझ्या खिशाकडे बघत होती. मी गुळाचा एक खडा चढावर पुढे फेकला. ती गेली. जाताना तिचं शेपूट माझ्या हाताला लागलं, ते मी धरलं. पुन्हा खडा, पुन्हा शेपूट. अशी माझी स्वारी वर आली. रस्त्यावर पाय लागताच मी शेपूट सोडलं. शर्यतीत आधार घेणं नियमात बसत नाही. म्हैस कठड्याजवळच्या हिरव्या झुडपाचा पाला खाण्यात गुंतली. मी तिला नमस्कार केला आणि उरलेला घाट पायांनी चढायला लागलो.

*

देवळापुढे पंगत बसली होती. पत्रावळींवर पिठलं-भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. शर्यत कोण जिंकलं ते कोणी विचारत नव्हतं, कारण जिंकला होता तो पुण्याचा चष्मेवाला, आणि त्याला अजून खरं वाटत नव्हतं. रणजित कडेला उभा होता. डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि डोळे मिटून श्वास सोडला.

मी कमानीच्या धोतराखालून गेलो, तशा टाळ्या झाल्या. मग माझ्या चड्डीचं जे काही उरलं होतं ते पाहून हशाही झाला.

हौसाक्का कट्ट्यावर बसल्या होत्या. "डायवर, घाटात काय ऱ्हायलं?"

'काही नाही' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. आयुष्यात एकदा खरं बोलून सुटायची संधी चालून आली होती. पण मी पाकीट काढून त्यांच्यापुढे कट्ट्यावर ठेवलं.

"राहिलं नाही, अक्का. राहिलं असतं. हे म्हशीच्या तोंडातून काढून आणलंय."

पंगतीत असा हशा उसळला की देवळाची घंटा किणकिणली.

"म्हशीच्या तोंडातून! ऐकलं का?"

"तात्या, घरून खिशातनं आणलंत ना? गोष्ट सांगायला?"

"आणि वर कसे आलात हो?"

"तिचं शेपूट धरून," मी म्हणालो. खरं होतं ते सांगितलं. एकजण हसता हसता ठेच्याचा ठसका लागून उताणा झाला. मी एकेक सांगत गेलो, गुळाचा खडा, दाढेतला कोपरा. एक शब्द पदरचा घातला नाही. जेवढं खरं सांगत होतो तेवढी माणसं लोळत होती. हौसाक्का तेवढ्या हसत नव्हत्या. हसू नव्हतं तसा विश्वासही नव्हता. पाकीट हातात घेऊन त्या उलटसुलट करत होत्या.

"डायवर," त्या हळूच म्हणाल्या, "म्या तुमचा शब्द धरला, गावाला इचारलं बी न्हवतं. आज तरी थाप नको हुती."

मला घाम फुटला, तो घाटाचा नव्हता. साक्षीला कोणाला उभं करू? डॉक्टरीणबाई पुढे झाल्या, "अक्का, मी पाकीट पडताना पाहिलंय," म्हणाल्या. पण पडताना पाहणं आणि जबड्यातून काढताना पाहणं यात एक अख्खी म्हैस येते.

आणि ती आली.

कमानीच्या धोतराखालून, सावकाश, मान हलवत. पंगतीच्या मधून. कोणाच्या पत्रावळीकडे ढुंकूनही न पाहता सरळ माझ्यापाशी आली आणि माझ्या खिशात तोंड खुपसलं. खिसा रिकामा होता. मग तिने चड्डीचा राहिलेला भाग चाटला.

एकही माणूस हसला नाही.

"चांदे," हौसाक्का म्हणाल्या. कट्ट्यावरून उतरल्या, म्हशीजवळ गेल्या, तिचा जबडा फाकवून कोपरापर्यंत हात आत घातला. सगळीकडून चाचपला. हात रिकामा बाहेर आला. तो तसाच लाळेने भरलेला हात त्यांनी म्हशीच्या मानेवर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

"ज्या म्हशीच्या पोटातनं तो गोळा निघाला," त्या म्हणाल्या, "ती हिची आई. माझ्याच दावनीची. म्या त्या दिवशी सांगितलं न्हवतं."



मग त्यांनी डोळे पुसले आणि सरपंच झाल्या. "पाकीट कुनाचं?"

रणजितचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या मोज्याचा फुगवटा आता नव्हता, हे मला दिसलं.

"माझं," मी म्हणालो.

हौसाक्कांनी मान वळवली. "हां. ही मातूर थाप."

रणजित पुढे आला. इतका हळू चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "अक्का, माझं आहे. मोज्यात लपवलं होतं. मला वाटलं... एवढंसं तर आहे."

"येवढंच आसतंय रं," हौसाक्का म्हणाल्या. "समद्यांचं येवढंच आसतंय."

त्याने मान खाली घातली. आवाज चढवून त्या काही बोलल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"डायवर, तुमी म्हनला हुता घाटात ऱ्हानार न्हाई. न्हाई ऱ्हायलं. फुडल्या साली पळा. ह्यो मातूर पळनार न्हाई." त्यांनी रणजितच्या खांद्यावर तोच लाळेचा हात ठेवला. "ह्यो वडाच्या वळनावर ऱ्हाईल. सरूसंगं. ओगराळं धरून. आन् आता भाकरी खा, कोरड्या तोंडानं ऱ्हाऊ ने."

*

याला बरीच वर्षं झाली. शर्यत अजून होते. रणजितची एका वर्षाची शिक्षा केव्हाच संपली, पण ओगराळं त्याने सोडलं नाही. पळतो तो एरवी. शर्यतीच्या दिवशी वडाखाली उभा असतो, आणि गूळ घेतल्याशिवाय कोणाच्या ओंजळीत थेंब पडू देत नाही. मूळ गाव विचारण्यात तर त्याने सरूबाईंना मागे टाकलंय. मध्ये एकदा पुण्याचा एक जण त्याला म्हणाला, सेकंद जातात हो. रणजित म्हणाला, मग जाऊ द्या की, त्यांनाही घर आहे.

म्हशीची गोष्ट मी सांगतो तेव्हा खालच्या गावात अजून कोणी विश्वास ठेवत नाही. शेपूट धरून वर आला, आणि मागोमाग म्हैसही शर्यत पुरी करून आली, म्हणे! मी रागावत नाही. लोकांना झेपेल तेवढंच सांगायचं, हे मी आता शिकलोय.

म्हणून तर एकच म्हैस सांगतो. आल्या दोघी होत्या.